सायकलवरील बैठक आणि हातांचा आवाका



सायकलचें सीट किती उंच असावें, तें किती मागें किंवा पुढें असावें आणि हँडल आपल्यापासून किती अंतरावर असावें, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. नभोवाणीवरून बोलण्याइतका हा विषय मोठा आहे काय, अशी शंका कोणाच्या मनांत आल्यास त्यांत नवल नाहीं. पाना घेऊन दोन मिनिटांत उरकण्याचें हें काम; तें दुकानांतल्या कारागिराचें, व्याख्यात्याचें नव्हे, असें आपण म्हणाल. परंतु आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील सुशिक्षित वस्तींतून एक फेरी मारून पाहावी. कित्येक घरांच्या सज्जांत आणि जिन्यांखालीं चांगल्या, मोलाच्या, वांकड्या हँडलाच्या सायकली धूळ खात उभ्या असलेल्या दिसतील. मालकाला विचारावें तर तो म्हणतो, ‘काय करणार? गुडघा धरला’, किंवा ‘हाताला मुंग्या येतात’, किंवा ‘आतां वय झालें!’ यांपैकीं पुष्कळांचें वय झालेलें नसतें. माप चुकलेलें असतें. ज्या वयांत व्यायामाची खरी गरज लागते, त्याच वयांत दोन बोटांच्या चुकीपायीं मनुष्य एका उत्तम व्यायामाला कायमचा मुकतो, आणि दोष मात्र स्वतःच्या शरीराला देत बसतो. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाहीं.

दोन बोटांच्या चुकीनें असें काय बिघडतें, तें एका साध्या गणितानें कळेल. रविवारीं पहांटे येथून निघून दौलताबाद, खुलताबाद या मार्गानें वेरूळपर्यंत जाऊन परत येणें, हा येथील सायकलस्वारांचा आवडता क्रम आहे. हें अंतर जाऊन येऊन सुमारें साठ किलोमीटर भरतें. ताशीं वीस किलोमीटर वेग धरला तर तीन तास लागतात. पायडल मिनिटाला ऐंशी वेळां फिरतें असें मानलें, तर एका सकाळींत प्रत्येक गुडघा १४,४०० वेळां वांकतो आणि सरळ होतो. खुर्चींत बसतांना गुडघा थोडा अवघडला तर आपण पाय हलवितों आणि विसरतों. सायकलवर मात्र तोच अवघडलेपणा चौदा हजार वेळां, त्याच जागीं, त्याच सांध्यावर पडतो. थेंबानें दगड झिजतो तो असाच.

सीट वर-खालीं करतां येणें ही आज आपणांस इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते कीं, ती मिळवावी लागली हें आपण विसरतों. एकोणिसाव्या शतकांत पुढचें चाक अवाढव्य आणि मागचें चिमुकलें अशी जी उंच सायकल प्रचारांत होती, तिचीं पायडलें थेट पुढच्या चाकाच्या आंसालाच बसविलेलीं असत. त्यामुळें ज्याचा पाय जेवढा लांब, तेवढ्या व्यासाचें चाक त्यानें विकत घ्यावें, असा प्रकार होता. बुटक्या मनुष्याला मोठें चाक चालवितांच येत नसे. १८८५ मध्यें इंग्लंडांतील जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल बाजारांत आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या मापाचीं होतीं, आणि पायांचें बळ साखळीच्या द्वारें मागच्या चाकाला पोंचत होतें. या रचनेमुळें सीटची जागा चाकाच्या व्यासापासून मोकळी झाली आणि एकच सायकल निरनिराळ्या उंचीच्या माणसांना जुळवून घेतां येऊं लागली. आपण दुकानांतून सायकल आणून सीटला हातही लावीत नाहीं, तेव्हां ही मिळालेली सोय आपण वाया घालवितों.

शरीराला साधन जुळविण्याची ही कल्पना आपल्या भागाला नवी नाहीं. पैठणी किंवा हिमरू विणणारा कारागीर मागावर कसा बसतो तें आपण पाहिलें असेल. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर आणि फणीवर, आणि बाकीच्या शरीराचा भार बैठकीवर. तीन ठिकाणीं त्याचा यंत्राशीं संबंध येतो. तीं तीन ठिकाणें एकमेकांशीं जमलीं नाहींत तर त्याला दिवसभर काम करणें शक्य होणार नाहीं. सायकलस्वाराचेंही अगदीं तसेंच आहे. पायडल, सीट आणि हँडल हीं त्याचीं तीन ठिकाणें. मात्र या तिहींना क्रम आहे, आणि आजच्या भाषणाचें सार त्या क्रमांतच आहे. प्रथम सीटची उंची. मग सीटचें मागें-पुढें सरकणें. आणि हे दोन निश्चित झाल्यावर, सर्वांच्या शेवटीं, हातांचा आवाका.

आतां एकेकाचा विचार करूं. उंचीसाठीं प्रथम पायाचें माप घ्यावें. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभें राहावें, पावलांत वीतभर अंतर ठेवावें, आणि एक जाड पुठ्ठ्याचें पुस्तक दोन पायांच्या मध्यें, सीटवर बसल्यावर येतो तितका दाब येईल असें वर घट्ट धरावें. पुस्तकाची वरची कड भिंतीला जेथें टेंकते तेथें घरांतल्या दुसऱ्या कोणी तरी खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर हें आपलें माप. तीन वेळां अमेरिकेला ‘टूर द फ्रान्स’ जिंकून देणारा ग्रेग लेमाँड आणि त्याचे फ्रेंच मार्गदर्शक सिरिल गिमार यांच्या नांवानें जी रीत प्रसिद्ध आहे, तिच्याप्रमाणें या मापाला ०.८८३ नें गुणावें. जें उत्तर येईल तितकें अंतर पायडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावें. माप ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारें ७०.६ येतें. १९६७ मध्यें हॅम्ले आणि टॉमस या संशोधकांनीं प्रयोगांवरून दुसरें प्रमाण दिलें: पायडल सर्वांत खालीं असतांना त्याच्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर पायाच्या मापाच्या १०९ टक्के असावें. ८० सेंटिमीटरला हें ८७.२ होतें, त्यांतून पायडलाच्या दांड्याची नेहमींची १७ सेंटिमीटर लांबी वजा केली तर ७०.२ उरतात. दोन वेगळ्या वाटांनीं आलेलीं उत्तरें पांच मिलिमीटरांच्या आंत जुळतात, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

तथापि हें गणित म्हणजे आरंभ, निकाल नव्हे. कोणाचें पाऊल लांब असतें, कोणाच्या जोड्याचा तळ जाड असतो, कोणी टाच खालीं दाबून पायडल मारतो तर कोणी बोटांवर. म्हणून ताडून पाहावें. सायकल भिंतीला टेंकवून, सीटवर बसून, टाच पायडलावर ठेवावी. पायडल तळाला असतांना पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग नेहमींप्रमाणें पायडलावर ठेवला कीं गुडघा आपोआप थोडा वांकतो. हा वांक पंचवीस ते पस्तीस अंशांचा असावा, असें सामान्यतः मानतात. सीट फार खालीं असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशीं दुखूं लागतें. फार उंच असेल तर गुडघ्याच्या मागच्या शिरा ताणतात आणि मागून पाहणाराला कंबर डावीकडे-उजवीकडे हेलकावे खातांना दिसते. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेंकले पाहिजेत, असें आपल्याकडे पुष्कळजण मानतात. ज्या सीटवरून दोन्ही तळवे जमिनीला टेंकतात तें सीट चालविण्याच्या दृष्टीनें बहुधा फारच खालीं असतें. थांबतांना सीटवरून पुढें उतरून एक पाय टेंकावा. ही सवय दोन दिवसांत लागते.

उंचीनंतर सीटचें मागें-पुढें. सीटच्या खालीं दोन समांतर सळ्या असतात, आणि खीळ सैल केली कीं सीट त्यांवरून सरकतें. येथें गवंड्याचीं दोन साधनें आपल्या उपयोगीं पडतात. पाणसळ सीटवर आडवी ठेवून सीट समतल करावें. पुढचें टोंक वर उचललेलें असेल तर नाजूक भागावर दाब येऊन बधिरपणा येतो, आणि फार खालीं झुकलेलें असेल तर स्वार सतत पुढें घसरतो आणि सगळा भार हातांवर घेतो. दुसरें साधन ओळंबा. पायडलांचे दांडे जमिनीशीं समांतर करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालून ओळंबा सोडावा. तो पायडलाच्या आंसाच्या जवळपास पडावा, अशी जुनी रीत आहे. कीथ बाँट्रेगर या सायकल बांधणाऱ्या जाणत्या अमेरिकन कारागिरानें या रीतीवर आक्षेप घेतला. गुडघा आणि आंस एका रेषेंत येण्यांत शास्त्रीय असें कांहीं नाहीं, शरीराचा तोल महत्त्वाचा, असें त्याचें म्हणणें. तें योग्य आहे. ओळंबा आपल्याला सुरुवातीची जागा दाखवितो. खरी जागा तोल दाखवितो.

हा तोल समजला नाहीं म्हणून सर्वांत मोठी चूक होते. चित्र असें: हँडल दूर वाटतें, हातांवर भार येतो, तळवे बधिर होतात. सायकलस्वार सरळ विचार करतो कीं, हँडल दूर आहे तर आपणच पुढें सरकावें. आणि तो सीट दोन बोटें पुढें घेतो. चार दिवसांत हात पूर्वींपेक्षां अधिक दुखूं लागतात. असें कां व्हावें? याचें उत्तर आपण आत्तां, रेडिओजवळ बसल्या ठिकाणीं, स्वतःच्या शरीराकडून मिळवूं शकाल. खोलीच्या मधोमध उभें राहून, गुडघे न वांकवितां, जमिनीवरचें कांहीं उचलण्यासाठीं वांका. आपण पडत नाहीं, कारण धड पुढें जातांच कंबर आपोआप मागें जाते. आतां टाचा आणि पाठ भिंतीला लावून तेंच करा. कंबरेला मागें जायला जागा नाहीं, म्हणून आपण पुढें कोसळूं लागतां आणि हात टेंकावे लागतात. सीट पुढें घेणारा सायकलस्वार म्हणजे पाठीशीं भिंत घेऊन वांकणारा मनुष्य होय. त्याची कंबर पायांच्या फार जवळ आल्यामुळें धडाचा तोल जातो, आणि तें धड हातांना उचलून धरावें लागतें. उलट सीट थोडें मागें घेतलें तर धडाचा भार पायांवर तोलला जातो आणि हात हलके होतात. हातांच्या दुखण्यावर उपाय सीट मागें नेण्यांत असावा, ही गोष्ट ऐकायला विपरीत वाटते. पण ती खरी आहे. म्हणून हा नियम लिहून ठेवावा: सीटची जागा पायांसाठीं आणि तोलासाठीं ठरवावी, हँडलाचें अंतर सुधारण्यासाठीं सीट कधींही हलवूं नये.

सीट मागें-पुढें करतांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सीटची नळी तिरकी असल्यामुळें सीट एक सेंटिमीटर मागें घेतलें कीं तें पायडलापासून सुमारें तीन मिलिमीटर दूर जातें; तेवढें तें खालीं घ्यावें. आणि हँडलही एक सेंटिमीटर दूर गेलेलें असतें; त्याची भरपाई पुढें, हँडलाच्या बाजूला करावयाची.

आतां हातांचा आवाका. हँडलाला फ्रेमशीं जोडणारा जो आडवा तुकडा असतो त्याला स्टेम म्हणतात. रोड बाइकवर तो बहुधा नऊ ते अकरा सेंटिमीटर लांब येतो; सात-आठ सेंटिमीटरांचाही मिळतो, आणि संपूर्ण सायकलच्या किमतीच्या मानानें त्याची किंमत क्षुल्लक असते. आवाका जुळवावयाचा तो हा तुकडा बदलून. याखेरीज त्याच्या खालच्या-वरच्या कड्या बदलून किंवा स्टेम उलटा बसवून हँडल उंच करतां येतें. ब्रेकच्या मुठीजवळ पुष्कळदां एक बारीक स्क्रू असतो. लहान हाताच्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, तो फिरवून ब्रेकची दांडी बोटांच्या टप्प्यांत आणतां येते. ही केवळ सोय नव्हे. उतारावर ब्रेक पुरता न दाबतां येणें हा जिवाशीं खेळ आहे. आवाका बरोबर जमल्याची खूण अशी: हात ब्रेकच्या मुठींवर असतांना कोपरें किंचित् वांकलेलीं असावींत, खांदे कानांकडे चढलेले नसावेत, आणि सपाट रिकाम्या रस्त्यावर चालतां-चालतां हातांचा दाब क्षणभर हलका केला तर धड पुढें कोसळूं नये.

आवाका फार लांब असला तर पहिली तक्रार मान आणि खांदे करतात, दुसरी तळवे. तळव्याच्या करंगळीकडील भागांतून एक मज्जातंतू जातो. त्यावर तासन् तास भार पडला कीं करंगळी आणि तिच्या शेजारचें अर्धें बोट बधिर होतें. मानेचें दुखणें किती थराला जाऊं शकतें, तें अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटर चालणाऱ्या शर्यतींत दिसतें. १९८३ मध्यें त्या शर्यतींत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेच्या स्नायूंनीं डोकें उचलून धरण्याचेंच नाकारलें. तेव्हांपासून त्या विकाराला त्याचें नांव पडलें आहे. हीच शर्यत नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ मध्यें दोघांच्या संघानें, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ मध्यें एकट्यानें पुरी केली. आपल्याला एवढें जावयाचें नाहीं. पण ज्या दिशेनें तें दुखणें जातें, त्या वाटेच्या पहिल्या पायऱ्या आपल्याही मानेंत असतात.

येथें मोठ्या खेळाडूंचें अनुकरण करण्याचा मोह आवरला पाहिजे. १७ जुलै १९९३ रोजीं नॉर्वेंतील हामार येथें ग्रॅम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूनें हात छातीखालीं दुमडून बसण्याच्या स्वतःच्या पद्धतीनें एका तासांत ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. १९९४ मध्यें ती बैठक नियमबाह्य ठरली, तेव्हां त्यानें हात सरळ पुढें पसरण्याची दुसरी बैठक काढली. नुसत्या बैठकीच्या बदलानें केवढा फरक पडतो याचा हा पुरावा आहे. पण ती बैठक वाऱ्याशीं झुंजणाऱ्या एका तासासाठीं होती. दिवसभर संगणकापुढें बसून ज्यांची पाठ आंखडली आहे, त्यांनीं चित्रांतल्या खेळाडूसारखें हँडल खालीं नेणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण बेल्जियमच्या एडी मर्क्सचें. १९६९ मध्यें फ्रान्समधील ब्लवा येथें झालेल्या अपघातानंतर त्याला सायकलवर पूर्वींची सुखाची बैठक पुन्हां सांपडली नाहीं. पुढेंही त्यानें मोठमोठ्या शर्यती जिंकल्या, पण शर्यत चालू असतांनाही पाना काढून तो सीट हलवीत असे. आपण ही घालमेल टाळूं शकतों. एका वेळीं एकच बदल करावा. तो पांच मिलिमीटरांहून अधिक नसावा. बदलापूर्वींचें माप वहींत लिहावें. आणि नव्या मापावर दोन-तीन फेऱ्या झाल्याखेरीज दुसरा बदल करूं नये. दोन गोष्टी एकाच दिवशीं बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हें कधींच कळत नाहीं.

परीक्षेसाठीं आपल्या शहराला वेरूळचा रस्ता लाभला आहे. दौलताबादपर्यंत सुमारें पंधरा किलोमीटर लय बसते. तेथें हातांची आणि मानेची परीक्षा होते. किल्ल्याच्या पुढें, जुन्या तटबंदीच्या कमानींतून जाऊन घाट चढूं लागला कीं सीटची परीक्षा होते: चढावर गुडघा काय म्हणतो, आणि आपण नकळत सीटच्या टोंकावर सरकत आहों काय, तें पाहावें. परततांना त्याच घाटाच्या उतारावर ब्रेक बोटांत सहज येतो कीं नाहीं, तें कळतें. कमान अरुंद आहे आणि वाहनें पुष्कळ. म्हणून हें निरीक्षण पहांटेंच करावें.

खीळ सैल करतांना दोन सावधगिऱ्या. सीटच्या दांडीवर कमींत कमी किती खोल असावी याची खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसूं लागली तर दांडी मोडण्याचा धोका आहे. कार्बनच्या भागांवर किती जोरानें आवळावें याचा आंकडा न्यूटन-मीटरमध्यें छापलेला असतो. तेथें अंदाजानें आवळूं नये, मोजणारा पाना असलेल्या कारागिराकडे जावें. आणि माप सुधारूनही बधिरपणा किंवा दुखणें महिनाभर राहिलें, तर पाना ठेवून वैद्याकडे जावें.

शेवटीं एक गोष्ट मोलाच्या सायकलींबद्दल नव्हे. चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांकडे साध्या काळ्या सायकलीवर जाणारे कामगार आजही आहेत. मराठवाड्यांतील खेड्यांतून शाळकरी मुलींना मानव विकास कार्यक्रमांतून सायकली मिळतात. मुलांना ‘अंगाला येईल’ म्हणून दोन मापें मोठी सायकल घेण्याची आपली रीत तर जुनीच. या सायकलींवर स्टेम बदलण्याची चैन नाहीं. पण सीटची खीळ सर्वांवर आहे, आणि ती सैल करायला एक पाना पुरतो. आपल्या घरीं कामाला येणारा मनुष्य, शेजारची मुलगी, गांवाकडचा भाचा ज्या सायकलीवर बसतो, तिचें सीट या रविवारीं एकदां पाहावें. तेथें कदाचित् एवढ्याच कामानें शाळेची वाट सोपी होईल, किंवा पाळीवरून परतणाऱ्या माणसाचा गुडघा रात्रीं दुखायचा थांबेल. आपली स्वतःची सायकल मग सज्जांतून खालीं आणावी, धूळ पुसावी, आणि पुस्तक घेऊन भिंतीशीं उभें राहावें.